पायातील गाठ आणि गावाचे पाणी

ज्या दुखण्याने माणूस मरत नाही, पण ऐन कामाच्या दिवसांत महिना-दोन महिने अंथरुणाला खिळून राहतो, त्या दुखण्याला सरकारी दप्तरात जागा मिळणे कठीण असते. वऱ्हाडात इंग्रजी अंमल स्थिर झाल्यावर गावोगाव जन्ममृत्यूच्या नोंदी होऊ लागल्या. मृत्यूच्या तक्त्यात पटकी, देवी, ताप, हगवण, इजा असे ठराविक रकाने असत, आणि ज्याला त्यांत जागा नसे ते सारे ‘इतर कारणे’ या एका सदरात लोटले जाई. त्या रकान्यांवरून कोणी त्या काळच्या खेड्यातील आरोग्याची कल्पना करू लागला, तर घोट्यापाशी किंवा पोटरीवर उठणारी एक ठणकणारी गाठ, तिचा होणारा फोड, आणि तो फुटल्यावर त्यातून डोकावणारा पांढरा, दोऱ्यासारखा किडा त्याच्या दृष्टीस पडणारच नाही. आणि तरीही वऱ्हाड, मराठवाडा, खानदेश व दख्खनचा अवर्षणग्रस्त टापू या विस्तीर्ण मुलखातील शेतकऱ्याला ही गाठ इतकी परिचित होती की, तिला पाहून ‘नारू निघतोय’ एवढेच शब्द तो उच्चारी, आणि ऐकणाऱ्याला पुढचे सारे न सांगता कळे.

वाशीम जिल्ह्यातील आसेगाव हे मंगरुळपीरच्या टापूतील गाव. भोवतालची जमीन काळी, कापसाची आणि ज्वारीची; अलीकडे सोयाबीनची. या काळ्या थराखाली बसाल्टचा कठीण खडक आहे, आणि त्या खडकाचा स्वभावच असा की, पाणी त्यात सर्वत्र पाझरून साठत नाही. ज्या भेगांतून आणि सांध्यांतून त्याला वाट मिळेल तेवढ्यातच ते उतरते व तेथेच मिळते. म्हणून या पठारावर विहीर खोदणे हे नेहमीच कष्टाचे आणि बेभरवशाचे काम राहिले, आणि जिला उन्हाळ्यातही झरा आहे अशी एखादी विहीर साऱ्या गावाचा आधार झाली. राज्यकर्ते बदलले, निजामाने १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला, वाशीम, मंगरूळ आणि पुसद या तीन तालुक्यांचा वाशीम जिल्हा झाला, १९०५ मध्ये तो मोडून वाशीम व मंगरूळ अकोल्यास आणि पुसद यवतमाळच्या बाजूस जोडले गेले, परंतु पाटील-पटवाऱ्यांच्या दप्तरावरील शिक्के बदलत असताना गाव ज्या पाण्यावर जगत होते ते पाणी आणि तेथे उतरण्याची रीत मात्र फारशी बदलली नाही.

या मुलखाने पाण्याकडे रोगहारक म्हणून पाहिले, हे येथील दोन आख्यायिकांवरून स्पष्ट दिसते. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेल्या वत्सगुल्माच्या, म्हणजे आजच्या वाशीमच्या, पद्मतीर्थाविषयी असे सांगतात की, कुष्ठाने पीडलेला वासुकी नावाचा राजा तेथील डोहात स्नान करून व्याधिमुक्त झाला आणि कृतज्ञतेने त्याने त्या डोहाचा तलाव बांधविला. कारंज्याची कथाही याच जातीची आहे: दुर्धर रोगाने ग्रासलेल्या करंज ऋषीने अंबेची आराधना केली, देवीने त्याच्यासाठी एक तलाव निर्माण केला, आणि त्यात स्नान करून तो निर्मळ झाला. या कथांतील श्रद्धेचा अनादर करण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. रोगाने खंगलेला माणूस पाण्यात उतरतो आणि पाणी त्याला बरे करते, ही कल्पना ज्या समाजाच्या मनात इतकी खोल रुजली होती, त्या समाजाला पाण्यात उतरणारा दुखरा पाय इतरांना रोग देत असेल अशी शंका येणे किती अवघड होते, एवढेच येथे लक्षात घ्यावयाचे आहे.

पायविहीर किंवा बारव ही आपल्या स्थापत्याची एक शोभा आहे. मोट किंवा रहाट नसला तरी चालेल, लांब दोर नसला तरी चालेल. घागर घेऊन पायऱ्या उतराव्या, पाणी जसजसे खाली जाईल तसतसे आपणही खाली जावे, आणि भरलेली घागर घेऊन वर यावे, इतकी ही सोय साधी व सर्वांना परवडणारी होती. परंतु ज्या पायऱ्यांनी माणसाला पाण्यापर्यंत नेले, त्यांनीच माणसाचा पायही पाण्यात नेला. नारूचा फोड आला म्हणजे त्या जागी आग आग होई, आणि ती शमवण्यासाठी रोगी पाय थंड पाण्यात सोडी. पाण्याचा स्पर्श होताच फोड फुटे, आणि कातडीखाली दडलेली मादी आपली असंख्य सूक्ष्म पिल्ले त्या पाण्यात सोडून देई. विहिरीत सायक्लॉप्स नावाचे, नुसत्या डोळ्यांना ठिपक्याएवढे भासणारे जलचर असत. ते ही पिल्ले गिळत, आणि साधारण पंधरवड्यात ती पिल्ले माणसाला बाधक होण्याइतकी वाढत. त्याच पायरीवर भरलेल्या घागरीतून तो जलचर गावातल्या कोणाच्या तरी पोटात जाई. जठरातील आम्लाने जलचर मरे, पण पिल्लू वाचे. ते आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरे, नर-मादीचा संयोग होई, नर मरे, आणि मादी हळूहळू वाढत, बहुधा पायाच्या दिशेने, सरकत राही. तिची लांबी हात-दीड हात किंवा त्याहूनही अधिक होई आणि जाडी जेमतेम एक-दोन मिलिमीटर. या सगळ्या प्रवासाला सुमारे एक वर्ष लागे, आणि त्या वर्षभरात माणसाला आपल्या देहात काही घडत आहे याची जाणीवसुद्धा नसे.

हे एक वर्षाचे अंतर नारूच्या साऱ्या इतिहासाची किल्ली आहे. उन्हाळ्यात विहिरींचे पाणी तळाला जाई, उरलेल्या थोड्या पाण्यात सायक्लॉप्सांची दाटी होई, आणि सारा गाव त्याच डबक्यावर लोटे. म्हणून लागण मुख्यतः उन्हाळ्यात होई, आणि बरोबर एक वर्षाने, पुढच्या उन्हाळ्याच्या अखेरीस, मृगाची पेर तोंडावर आली असताना, गाठ वर येई. ज्याच्या घरी बैल आहेत, बियाणे आहे, पाऊसही वेळेवर पडला आहे, त्याच्या घरचा कर्ता माणूस ओसरीवर पाय पसरून पडलेला, आणि बाईच्याही पायाला फडके बांधलेले, असे एकाच घरात दोघातिघांना होणे विरळा नव्हते. पेरणीचे आठ दिवस हुकले म्हणजे वर्ष हुकते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या रोगाचे मोल मृत्यूच्या रकान्यावरून मोजण्यातील अन्याय समजावून सांगावा लागत नाही.

पायाला गाठ आल्यावर माणूस सल्ला कोणाला विचारीत असे? पहिला सल्ला घरातलाच. जवसाची पोटीस बांधावी, एरंडाचे पान शेकून लावावे, कोणी बिब्ब्याचा चटका द्यावा, कोणी हिंग खायला द्यावा, असे उपचार आजी-आजोबांच्या तोंडी असत. त्याने भागले नाही म्हणजे गावातला किंवा पंचक्रोशीतला नारू काढणारा जाणता बोलवावा लागे. बहुधा हा मान न्हाव्याकडे, म्हणजे पूर्वीपासून तुंबड्या लावणाऱ्या आणि गळू फोडणाऱ्या हाताकडे, असे. त्याची कला लहान वाटली तरी नाजूक होती. किड्याचे तोंड बाहेर आले की ते बारीक काडीवर घ्यायचे आणि दररोज बोटा-दोन बोटांएवढे, अंगाचा ताण पाहत, गुंडाळत जायचे. कित्येक आठवडे हा क्रम चाले. उतावळेपणाने किडा तुटला तर तुटलेला भाग आत आकसून जाई, पाय सुजून त्यात पू होई, जांघेत अवधाण येई, आणि कधीकधी गुडघा किंवा घोटा कायमचा आखडून माणूस आयुष्यभर लंगडत राही.

वैद्याकडे गेल्यास तो या रोगाला ‘स्नायुक’ म्हणून ओळखी. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या ‘भावप्रकाशा’त त्याचे वर्णन आले आहे: हातापायांत विसर्पासारखी सूज, तिचे फुटणे, त्यातून तंतूसारखे काही बाहेर येणे, आणि ते मध्येच तुटल्यास अवयवाचा संकोच व लंगडेपणा. शेवग्याची मुळे व पाने कांजीत वाटून सैंधव घालून लेप, किंवा तीन दिवस गाईचे तूप आणि नंतर तीन दिवस निर्गुडीचा स्वरस, असे उपचार त्यात सांगितले आहेत. गाठीच्या बाबतीत घाई करू नये आणि हयगयही करू नये, हा विवेक तर आपल्याकडे त्याहून जुना आहे. सुश्रुताने सूत्रस्थानाचा सतरावा, ‘आमपक्वैषणीय’ नावाचा, अध्यायच सूज कच्ची, पिकत असलेली की पिकलेली हे कसे ओळखावे यासाठी खर्ची घातला, आणि कच्ची कापणारा व पिकलेलीची उपेक्षा करणारा अशा दोन्ही वैद्यांचा कठोर निषेध केला. हकीम या व्याधीचे नाव मदिनेशी जोडीत. तो तंतू कीटक आहे, शीर आहे की दूषित मज्जातंतू आहे, याविषयी अरबी वैद्यांत दीर्घ चर्चा झाल्या होत्या. ज्याला वैद्य वा हकीम परवडत नसे, तो मंगरुळच्या हयात कलंदरांच्या दर्ग्यासारख्या जागी नवस बोले, आणि वेदनेच्या काळात मनाला जो आधार हवा तो त्याला तेथे मिळे.

या सगळ्या सल्लागारांत अज्ञान होते असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. काडीवर किडा गुंडाळणाऱ्याचा हात चुकत नव्हता, वैद्याचे लक्षणवर्णन अचूक होते. परंतु सर्वांसमोर प्रश्न एकच ठेवला जाई: या पायाचे काय करावे? वर्षापूर्वी या माणसाने कोणते पाणी प्यायले, हा प्रश्न कोणी विचारीत नव्हते, कारण वर्षापूर्वीचा एखादा घोट आणि आजची गाठ यांचा संबंध जोडणे मानवी स्मरणाला जवळजवळ अशक्यच होते.

इंग्रजी विद्या शिकलेले डॉक्टरही प्रथम याच ठिकाणी अडखळले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईत असलेले हेन्री कार्टर यांनी तलावांतील सूक्ष्म कृमींचा कसोशीने अभ्यास केला, आणि भायखळ्याच्या एका शाळेतील तळ्यात स्नान करणाऱ्या मुलांना मोठ्या प्रमाणावर नारू झाल्याचे पाहून हे कृमी कातडीतून आत शिरत असावेत असा तर्क बांधला. पाण्यापर्यंत ते पोहोचले होते; फक्त दार चुकले होते. ते दार १८७० च्या सुमारास मध्य आशियातील तुर्कस्तानात काम करणाऱ्या अलेक्सेई फेदचेन्को या तरुण रशियन संशोधकाला सापडले: नारूची पिल्ले सायक्लॉप्सच्या शरीरात शिरून वाढतात असे त्याने प्रत्यक्ष पाहिले. पुढे १९१३ च्या सुमारास मुंबईच्या बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत डॉ. ज्ञानेश्वर आत्माराम तर्खड यांनी बाधित सायक्लॉप्स स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांना पाण्यातून देऊन पाहिले, आणि वर्षाच्या सुमारास नारू प्रकट झाल्याचे नोंदले. शतकानुशतके ज्या गाठीपुढे लोक हताश होते, तिचे मूळ शोधण्याच्या कामी एका मराठी वैद्यकसंशोधकाचा हात लागला आहे, ही गोष्ट आपल्या शालेय पुस्तकांत असायला हवी होती.

मूळ कळले, तरी ते निपटायला आणखी सात-आठ दशके जावी लागली. कारण प्रयोगशाळेतील ज्ञान आसेगावसारख्या गावाच्या पाणवठ्यावर पोहोचायला केवळ हुकूम पुरत नाही. पायविहिरीच्या पायऱ्या बुजवून काठ बांधावा आणि पाणी दोराने शेंदावे, हा उपाय आरोग्यखात्याने सुचविला. पण बारव ही एखाद्या पूर्वजाच्या पुण्याची खूण असे, तिच्या कोनाड्यात देव असे, आणि शेंदायला दोर, पोहरा व बळ लागे. शिवाय पाणवठा हा जातींच्या उतरंडीचाही पहारेकरी होता. ज्यांना गावविहिरीच्या पायरीवर पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती, त्यांना नाल्यातील झिरे आणि डोह यांवर भागवावे लागे, आणि ते पाणी तर याहूनही असुरक्षित असे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी माणुसकीचा जो हक्क प्रस्थापित केला, त्याचा आरोग्याशी असलेला संबंध मला कधीच गौण वाटला नाही: जे पाणी साऱ्या गावाचे नाही, ते साऱ्या गावासाठी शुद्ध राखण्याची बुद्धीही गावाला होत नाही.

तथापि याच जिल्ह्याच्या भूमीवर, कोणत्याही प्रयोगशाळेच्या आधीपासून, एक आचार नांदत होता ज्यात या रोगाचा प्रतिकार दडलेला होता. कारंजा हे दिगंबर जैनांच्या भट्टारक-परंपरेचे प्राचीन पीठ, आणि शिरपूर हे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे क्षेत्र. जैन घरांत पिण्याचे पाणी जाड, दुहेरी वस्त्रातून गाळण्याची रीत कटाक्षाने पाळली जाते, आणि फडक्यात अडकलेले जीव, त्यांची हिंसा होऊ नये म्हणून, ज्या विहिरीचे पाणी तिच्यातच परत सोडले जातात. हेतू अहिंसेचा, परंतु ज्या फडक्याने सायक्लॉप्स वाचे, त्याच फडक्याने माणूसही वाचे. विसाव्या शतकाच्या अखेरीस नारूनिर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी खेडोपाडी जो पहिला सल्ला दिला तो हाच होता: पाणी दुहेरी फडक्यातून गाळा आणि मगच प्या. एका समाजाच्या स्वयंपाकघरात सुरक्षित असलेली ही शहाणीव साऱ्या गावाची व्हायला इतकी वर्षे लागली, याचे वाईट वाटल्यावाचून राहत नाही.

तोपर्यंत मनांची मशागत दुसऱ्या वाटेनेही चालली होती. वऱ्हाडच्याच मातीतले गाडगेबाबा हाती खराटा घेऊन दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात माणसांच्या मनावरची धूळ झाडीत. तुकडोजी महाराजांच्या ‘ग्रामगीते’त ग्रामआरोग्याला स्वतंत्र अध्याय मिळाला. स्वच्छता ही साहेबाच्या फर्मानाची बाब नसून धर्माची व गावाच्या अब्रूची बाब आहे, हे या दोघांनी लोकांना त्यांच्या बोलीत पटवून दिले नसते, तर पुढच्या सरकारी मोहिमांचे बियाणे पडित जमिनीवर पडले असते असे मला वाटते.

निर्णायक बदल खडक फोडून आला. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे कठीण खडकात खोल भोक पाडणारी विंधनयंत्रे महाराष्ट्राच्या खेड्यांत फिरू लागली. भोक पाडणे जमले, पण त्यावर बसवायचे ओतीव लोखंडाचे हातपंप गावकीच्या वापराला टिकत ना. हा प्रश्न महाराष्ट्रातच सुटू लागला: जालन्याच्या मिशनच्या कार्यकर्त्यांनी मजबूत पंपाचा घाट बसविला, सोलापुरात तो आणखी सुधारला, आणि त्या सोलापुरी पंपाच्या आधारे युनिसेफच्या साहाय्याने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप सिद्ध झाला, जो पुढे आशिया-आफ्रिकेच्या असंख्य खेड्यांत पोहोचला. या पंपाचे पाणी झाकलेले होते. त्यात कोणाचा पाय पडू शकत नव्हता, आणि सायक्लॉप्सलाही तेथे थारा नव्हता.

१९८३-८४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम हाती घेतला, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेकडे त्याची सूत्रे दिली. १९८४ मध्ये देशात ३९,७९२ रुग्ण मोजले गेले. महाराष्ट्रासह सात राज्यांतील ८९ जिल्हे आणि बारा हजारांहून अधिक गावे बाधित होती. या रोगावर लस नव्हती, किड्याला मारणारे खात्रीचे औषध नव्हते, आणि आजही नाही. जे केले गेले ते इतकेच: घरोघर जाऊन गाठ आलेला माणूस शोधणे, त्याची जखम बांधून त्याला पाणवठ्यापासून दूर ठेवणे, पायऱ्या बुजवणे, विहिरीत मोजके टेमेफॉस टाकून सायक्लॉप्स मारणे, हातपंप बसवणे, आणि फडके वापरायला शिकवणे. शेवटचा भारतीय रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. आजचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. म्हणजे या जिल्ह्याच्या स्वतंत्र दप्तराचे पहिले पान उघडले तेव्हा नारू या देशातून गेलेला होता. १९८६ मध्ये जगात अंदाजे पस्तीस लाख रुग्ण होते. २०२३ मध्ये मानवी रुग्ण अवघे १४ उरले, तेही आफ्रिकेत.

आज आसेगावच्या एखाद्या माणसाच्या पायावर गाठ दुखू लागली, तर ती नारूची नसते. ती चरबीची निरुपद्रवी गाठ असेल, केसतूड असेल, गुडघ्यामागचा द्रव साठून झालेली फुगवटी असेल. क्वचित खोल शिरेत रक्त गोठून पोटरी सुजलेली असेल, किंवा वाढत जाणारी अशी गाठ असेल जिची तपासणी एक दिवसही लांबवू नये. पोटीस बांधून वाट पाहण्याचे दिवस गेले. पण जाणत्याला विचारण्याची गरज गेली नाही, आणि सुश्रुताचा इशारा, कच्च्याला हात घालू नये व पिकल्याची उपेक्षा करू नये, आजही तितकाच खरा आहे. नारूच्या इतिहासाने त्यात भर घातली ती ही की, चांगला सल्लागार दुखऱ्या अवयवापाशी थांबत नाही. हा माणूस कोठे राहतो, काय पितो, काय काम करतो, त्याच्या शेजाऱ्यालाही हेच झाले आहे काय, हे तो विचारतो.

म्हणून एक काम तातडीचे आहे. आसेगावात आणि भोवतालच्या गावांत साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या घोट्यांवर नारूचे वण अजून सापडतील. कोणत्या विहिरीचे पाणी ते पीत, तिच्या पायऱ्या कोणी आणि कोणत्या साली बुजविल्या, पहिला हातपंप कोठे बसला, कोणाला त्या पाण्याची पूर्वी मनाई होती, आणि घरातले कोण कोण त्या वर्षी पेरणीला उभे राहू शकले नाहीत, हे ग्रामपंचायतीने आणि शाळेच्या मुलांनी त्यांच्याकडून लिहून घ्यावे. सरकारी तक्त्यात ज्या दुखण्याला रकाना नव्हता, त्याची खरी नोंद केवळ हीच माणसे देऊ शकतात. आणि जे गाव आपल्या पाण्याचा इतिहास जाणते, ते पुढचा रोग पायापर्यंत येण्याआधीच योग्य तो प्रश्न विचारू शकेल.